जिवंतपणीचा हार

दसऱ्याला नाशिकच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले, की त्या उग्र वासाने मला बाबांच्या गावचा मळा आठवतो. माझा जन्म नैरोबीचा. नव्वदीच्या सुरुवातीला, मी दहा वर्षांची असताना, बाबांनी मला पहिल्यांदा त्यांच्या देशात आणलं. "भाऊ राहा म्हणाला, तर कायमचं राहू," असं ते विमानात सारखं म्हणत होते.

काकांनी घरच्याच झेंडूची कमान उभारली होती. बँडही होता. सरपंचांनी लांबलचक भाषणात बाबांना गावाचं भूषण ठरवलं. बाबा शाल सांभाळत घरात शिरले आणि थबकले. भिंतीवर त्यांचाच तरुणपणीचा फोटो होता, आणि त्याला त्या सकाळचा ताजा हार.

बाबांनी तिकडे ख्रिश्चन मुलीशी, म्हणजे माझ्या आईशी लग्न केलं, तेव्हा मुलगा मेला असं ठरवून आजोबांनी तो फोटो लावला होता. पुढे आजोबा गेले, हार चालूच राहिला.

"दादा, लय चुकलं रे," काका पुटपुटले. "रोजची सवय. काढतो."

"राहू दे," बाबा म्हणाले. "कमानीपेक्षा हा नीट ओवलाय."

मी हसले. काकाही सुटल्यासारखे हसले. बाबा मात्र फोटोकडेच बघत होते. राहण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही, आणि आठवड्याभरात आम्ही परतलो.

ते नैरोबीतच गेले. नंतर नाशिकला येऊन राहिले ती मी. घरातल्या त्यांच्या फोटोला मी हार घालत नाही. तो त्यांना आधीच पोचला आहे.