फेस

प्रथिन म्हणजे घडी घातलेली लांब साखळी. ती तापवली की घडी उलगडते. कोणत्या तापमानाला उलगडते, हे मोजणं ही माझी पीएचडी. माझं प्रथिन पुस्तकात दिलंय त्यापेक्षा बरंच लवकर उलगडत होतं. सहा महिने आम्ही त्याला शोध समजत होतो. माझ्या मार्गदर्शक सरांनी परिषदेला त्याचा सारांशही पाठवून दिला.

मग एका दुपारी मनगट फार दुखत होतं. फ्रीजरमधली प्रथिनाची नळी वितळल्यावर मी ती रोजच्यासारखी खडखडून हलवली नाही, नुसती सावकाश उलटीपालटी केली. त्या दिवशी प्रथिन पुस्तकातल्यासारखं वागलं.

आठवडाभर दोन्ही प्रकारे करून पाहिलं. जोरात हलवलं की फेस यायचा, आणि फेसातच बरीचशी घडी मोडायची. शोध कसला, माझा हात होता तो.

सवय घरची. वडील श्रीगोंद्याला साखर कारखान्यात कामगार. युनियनची पत्रकं घरीच छापायचे. शाई तळाशी बसायची, आणि हात भरून येईपर्यंत बाटली हलवणं हे माझं काम. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले. गेल्या वर्षी हॉस्टेलच्या पाण्याचा अहवाल दाबला गेला, तेव्हा जाब विचारणारं पत्रक मी सरांच्या टेबलावरही ठेवलं होतं.

आता राहते त्या केडगावच्या खोलीवरून वडिलांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"संपात एका गड्याला फितूर म्हनून छापलं हुतं आमी," ते म्हणाले. "तो न्हवता. दुरुस्ती काढली न्हाई म्या. अजून बाजारात तो दिसला की मी गल्ली बदलतो."

दुसऱ्या दिवशी सरांपुढे दोन्ही आलेख ठेवले. आणखी कोणाला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. कोणालाच नाही, म्हटलं. पीएचडीला मुदतवाढ मागावी लागेल, मिळेलच असं नाही, ते म्हणाले.

"सारांश मागे घ्यायचं पत्र तूच लिही. पत्रकं लिहायची हौस आहे ना तुला."

चार ओळींना अख्खी दुपार लागली. पहिल्या खर्ड्यात मी 'हाताळणीत त्रुटी राहिली' असं लिहिलं होतं. हॉस्टेलच्या पाण्याबद्दल आम्हाला आलेल्या उत्तरातही असंच काहीतरी होतं. ते खोडून 'नमुना मी चुकीचा हाताळला' असं लिहिलं.

सरांनी सही केली. मी फ्रीजरमधून नवी नळी काढली आणि ती वितळायची वाट बघत बसले.