निघालेल्याला ‘या’

मनाला भिडणारी वेबसाइट कशी करावी, हे शिकवणाऱ्या एका वर्गात बातमीसाठी गेलो होतो. पुढच्या बाकावर मालतीबाई बसल्या होत्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान रस्तारुंदीत जाणार होतं. जुनी गिऱ्हाइकं टिकली, तर आता वेबसाइटवरच टिकणार होती.

“गिऱ्हाईक बाई वेबसाइटचं पान बंद करायला लागली, की तिथे ‘थांबा, जाऊ नका!’ दिसलं पाहिजे,” शिक्षक म्हणाले.

“अहो सर, निघालेल्या बाईचा पदर ओढायचा का?” मालतीबाईंनी विचारलं.

वर्ग हसला. मालतीबाईंनी त्या जागी एकच अक्षर लिहिलं : ‘या’.

“काकू, ती तर निघालीय!” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

“पण ‘येते’ म्हणूनच निघते ना?”

मला आमचा उंबरा आठवला. कुणी ‘जातो’ म्हणालं, तर आई त्याला ‘येतो’ म्हणायला लावायची, मगच सोडायची. आता आम्ही फोन कानाला लावून नुसता हात हलवतो.

महिनाअखेरीस त्यांच्या दुकानापाशी थांबलो. फळ्या उतरल्या होत्या. मालतीबाई उरलेल्या बांगड्या कागदात गुंडाळत होत्या. निघताना मी म्हणालो, “येतो.”

त्यांनी रिकाम्या भिंतींकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, “या.”