घरमालकाच्या पत्रातला शब्द

जर्मनीतल्या येना शहरातल्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक जपानी मैत्रीण बसते. तिच्या वडिलांचा गावाकडे साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, छोटा कारखाना आहे. यंदा ते लेकीला भेटायला आले ते चार बाटल्या कपड्यांत गुंडाळूनच. कारखाना बंद करायचं त्यांच्या मनात होतं. "इथल्या लोकांना आवडली तर अजून काही वर्षं चालवीन म्हणतात," ती म्हणाली. म्हणून तिने विभागातल्या जर्मन मंडळींना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं.

वडील जपानीत सांगणार, ती मला इंग्रजीत, आणि मी पुढे जर्मनमध्ये. हे मीच सुचवलं होतं. हात दाखवून अवलक्षण!

सुरुवात झकास झाली. भाजलेला मासा, अंड्याची गोडसर गुंडाळी, मुरवलेला मुळा, पाहुणे खूश. मग वडिलांनी स्वतःच्या हाताने प्रत्येकाचा इवलासा पेला भरला आणि साके कशी करतात ते सांगायला लागले. वाफवलेल्या तांदळावर एक बुरशी वाढवायची, तिनेच तांदळाला गोडी सुटते. बुरशीचा जर्मन शब्द मला चांगलाच पाठ होता. माझ्या कुकरच्या वाफेने भिंत काळी पडली, तेव्हा घरमालकाने पाठवलेल्या प्रत्येक पत्रात तोच होता. मी ठणकावून म्हणाले, "शिमेल!"

पेल्यांकडे निघालेले हात थांबले. "आख सो, असं होय, शिमेल," एक बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेला हळूच बशीमागे सरकवला.

"आल्झो, म्हणजे चांगला शिमेल," मी सावरायला गेले. "चीजवर असतो ना, तसा!"

"या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर, असं सगळे हसून म्हणाले. प्यायलं कुणीच नाही. एकाला गाडी चालवायची होती, एकीच्या गोळ्या चालू होत्या. मला रडूच यायचं बाकी होतं.

वडिलांनी ते भरलेले पेले पाहिले. स्वतःचा पेला चाखला, मग उठून सगळ्यांसमोर कमरेत वाकले आणि काहीतरी पुटपुटले.

"साके बिघडली आहे म्हणतात," मैत्रीण म्हणाली. "माझ्या हातून बिघडली, क्षमा करा म्हणतात."

चूक माझ्या शब्दाची आहे, मी नासक्या बुरशीचा शब्द वापरला, असं मी तिला घाईघाईने सांगितलं. तिने ते त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. लेक समजूत घालतेय, असं वाटलं असावं. ते तसेच वाकून राहिले, आपलं म्हणणं कुणीतरी जर्मनमध्ये सांगेल म्हणून.

शेवटी मी ते जर्मनमध्ये सांगितलं: साके बिघडली आहे, क्षमा करा.