चाखेदादाची जीभ

त्याला सगळे चाखेदादा म्हणत. कोणाच्याही रानात गेला की मातीची चिमूट जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, थू करायचा आणि मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगायचा, "आंबट आहे. एकरी वीस पोती चुना." मग स्वतःच चुन्याची भुकटी फेकायचा. पुढच्या हंगामात पीक असं तरारायचं, की लोक त्याच्या जिभेची शपथ घ्यायचे.

बायको ओरडायची, "अहो, तोंडाला फडकं तरी बांधा!"

"फडकं बांधून चाखू कसा? नाकानं?"

तीस वर्षं भुकटी तोंडात जात राहिली. एके दिवशी तो दोनदा भाजी घेऊन जेवला, आणि बायको म्हणाली, "अगबाई, मीठच घालायचं विसरले की!" तो हसला. पण जिभेला काहीच कळलं नव्हतं.

कोणाला सांगणार? ती जीभ गेली, तर उरतो नुसता पोती उचलणारा म्हातारा.

त्याच महिन्यात धाकट्या बहिणीनं बोलावलं. नवऱ्यामागे तिला जमिनीचा एवढाच एक तुकडा होता, त्यात घेवडा करायची. दोन वर्षांपूर्वी यानंच तिथं चुना टाकला होता, पीक दुप्पट आलं होतं.

"दादा, बघ की अजून लागतोय का."

त्यानं चिमूट ठेवली, डोळे मिटले. आत नुसती खरखर. इकडची माती आंबटच असते, असं मनाशी म्हणून त्यानं अंदाज ठोकून दिला, "आंबट. तीस पोती."

तेवढा चुना पडला. घेवडा वीतभर झाला आणि पिवळा पडला. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या.

"पाणी जास्त झालं असेल," तो म्हणाला.

बहिणीनं माती तपासून आणली. कागदावर सरळ लिहिलं होतं: चुना फार झालाय, माती आणखी काही वर्षं अशीच राहील.

ती बांधावर आली. कागद दाखवला नाही. "दादा, डोळे मिट. परत एकदा चाख."

त्यानं जीभ काढली. तिनं चिमूट ठेवली.

"हं... आंबट. पण थोडी कमी."

"मीठ होतं, दादा."

सवयीनं थुंकायला त्यानं मान वळवली. मग गिळलं. डोळे मात्र उघडले नाहीत.

"उघड आता," ती म्हणाली, "घेवडा उपटायला दोघं लागतील."