पडद्यावाले अप्पा आणि मुका कॅमेरा

वालूरच्या ईश्वरअप्पांना राग यायला कारण लागत नसे. पण सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात त्यांना जे कारण मिळालं, ते चांगलं वर्षभर पुरलं.

बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दावी, कासरे आणि बैलांच्या घुंगरमाळांचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडानं अखंड कुरकूर. गिऱ्हाइकानं कासरा ओढून पाहिला तरी राग, न ओढता घेतला तरी राग. आणि सेलूला जाऊन नवा बोलपट बघून आल्याचं कुणी सांगितलं, की मग तर विचारूच नये. "पडद्यावरची माणसं सोताच बोलायलीत! मग बाजूला उभ्या माणसानं काय करावं?" असं ते कडाडून विचारत. बाजूला माणूस कशाला उभा असेल, हे काही समोरच्याला कळत नसे.

कळणार तरी कसं? ज्यांना कळलं असतं ते आता म्हातारे झाले होते. निजामाच्या राज्यात, सिनेमाला वाचा फुटायच्या आधी, अप्पा एका फिरत्या तंबूत पडद्याशेजारी उभे राहून बोलत. पडद्यावर मुकी चित्रं हलायची आणि अप्पा पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून राजाचं राजासारखं, राणीचं राणीसारखं आणि वेळ आली तर घोड्याचं घोड्यासारखं बोलायचे. मागं बसलेल्या शेतकऱ्यांसाठी मराठीत, पुढं खुर्च्यांवर बसलेल्या अंमलदारांसाठी दखनीत. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी मजकूर यायचा. तो अप्पांना वाचता येत नसे. तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलंही नाही. पोखर्णीच्या जत्रेत लोक चित्र कोणतं लागलंय हे विचारतच नसत. पडद्यावाले अप्पा आलेत का, एवढंच विचारत. मग बोलपट आले. तंबूवाल्यानं अप्पांना नारळ दिला आणि कर्णा घरी आला. अप्पांची बायको बसम्मा त्यातून कणगीत ज्वारी ओतू लागली.

तेही अप्पांनी सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते हे, की बसम्मानं त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. बायामाणसांनी तंबूत पाऊल टाकायचं नाही, हा सासूचा हुकूम होता. एकदा पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली असताना ती तंबूच्या मागच्या कनातीला कान लावून उभी राहिली होती. पण नेमकं तिथंच तेलाचं इंजिन ठेवलेलं. त्याच्या धडधडीत तिला नवऱ्याचा एक शब्द ऐकू आला नाही. त्यामुळं अप्पा जुन्या दिवसांचं काही सांगू लागले, की ती ज्वारी निवडता निवडता म्हणे, "असंल बा. लोक म्हणतेत तसं."

या 'असंल'नं अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलेला माणूस, आणि घरातच त्याला साक्षीदार नाही!

तर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुंबईकरांना इकडं कोण कोण राहतं हे बघायची हौस आली. त्या हौसेपायी दोघे जण जीप घेऊन वालूरला आले. एक दिनकरराव, ते माहितीपट बनवत. दुसरे माणिकराव, ते कॅमेरा चालवत. जुन्या काळी लोकांची करमणूक केलेल्या माणसांची चित्रं ते काढत होते आणि पडद्यावाल्या अप्पांचं नाव त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

अप्पांनी एकच प्रश्न विचारला. "तुमचा सिनेमा बोलता असतोय ना, सायेब?"

"अगदी!" दिनकरराव म्हणाले.

अप्पा तडक चुलीपाशी गेले आणि बसम्माला म्हणाले, "आता ऐकशील तू." तीन दिवस त्यांनी ताक वर्ज्य केलं आणि ज्येष्ठमध चघळून चघळून घसा खणखणीत केला. तीन दिवस दुकानात कुणावर ओरडलेसुद्धा नाहीत. आवाज जपायचा होता.

चित्रणाच्या आदल्या दुपारी दोघे साहेब बसम्माच्या हातच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चापून ओसरीवर आडवे झाले आणि वाद घालू लागले. अप्पा समोर बसले होते, पण त्यांना कुणी जमेस धरलंच नाही.

"कला नाही, माणूस दाखवायचा," दिनकरराव म्हणाले. "त्या नाटकातल्या म्हाताऱ्या नटाच्या वेळी आपण काय केलं? त्याला नदीकाठी बसवलं. एक शब्द नाही. नुसता पाण्याकडे बघत होता. लोक रडले, माणिकराव!"

"रडले. म्हणून मग सर्कशीतल्या पैलवानालाही तुम्ही नदीकडे बघायला लावलंत. आणि त्याच्यानंतर त्या मृदंगवाल्यालाही."

"त्यात काय चुकलं?"

"तो आंधळा होता, दिनकरराव."

दिनकररावांनी कूस बदलली. मग माणिकराव म्हणाले, "त्याचा मृदंग राहून गेला आणि नदी आली. मला अजून लाज वाटते. या माणसाचं बोलणं तरी राहून जाऊ नये."

"बोलणं कानानं ऐकून विसरतात लोक. चेहरा राहतो."

"मी नदीकडं बघत न्हाई," अप्पांनी आता स्वतःहूनच सांगून टाकलं. "मी बोलतो."

लहान पोरानं काही म्हटल्यावर हसावं तसे दिनकरराव हसले. "बरं, नदी नको. देऊळ घेऊ. चारठाण्याची जुनी देवळं काय सुरेख आहेत!"

"पण सायेब, मी देवळात कवाच बोललो न्हाई. मी तंबूत बोलायचो."

"तंबू आता कुठाय, अप्पा?"

या प्रश्नाचा राग अप्पांना रात्रभर पुरला.

दुसऱ्या दिवशी तंबूच्या दिवसांतला काळा कोट घालून, फेटा बांधून अप्पा जीपमध्ये बसले. चारठाण्याला उतरल्याबरोबर दिनकररावांनी कोट काढायला लावला. कोटात खेड्यातला माणूस वाटत नाही म्हणे. कुणाचं तरी घोंगडं आणून त्यांच्या खांद्यावर टाकलं. दुकानातून उचलून आणलेली घुंगरमाळ हातात दिली. देवळाच्या पायरीवर बसवलं आणि जीपच्या ड्रायव्हरनं चकचकीत पत्र्याची फळी धरून सगळं ऊन त्यांच्या तोंडावर मारलं. अप्पांनी घसा खाकरला आणि इकडंतिकडं पाहिलं.

"आवाज कशात धरता, सायेब?"

माणिकराव कॅमेऱ्यामागं तोंड लपवून पुटपुटले, "आवाजाचं यंत्र मुंबईला आहे, अप्पा. फार जड असतं ते. बोलणं मागाहून तिकडेच भरतात. चांगल्या आवाजाचा एक माणूस आहे."

"चांगल्या आवाजाचा?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही नुसते ओठ हलवत राहा," दिनकरराव घाईघाईनं म्हणाले. "काय वाटेल ते बोला!"

मग अप्पांना जे वाटलं ते अप्पा बोलले. ऊन उतरेपर्यंत बोलले. दिनकरराव लांबून "वा, वा!" म्हणत होते.

घरी आल्यावर बसम्मानं विचारलं, "काय बोललात?"

"काई न्हाई," अप्पा म्हणाले. ज्येष्ठमधाची पुडी त्यांनी चुलीत टाकली.

पुढच्या वर्षी दिवाळी उलटल्यावर माहितीपट दाखवणारी सरकारी गाडी वालूरला आली आणि शाळेपुढच्या मैदानात दिवेलागणीला पडदा लागला. अप्पा जाणार नव्हते. "माझाच मुका सिनेमा मीच जाऊन बघू?" असं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. बसम्मानं पदर सावरला, "मग मी बघते" म्हणाली आणि निघालीसुद्धा. सासू जाऊन दहा वर्षं झाली होती. आता तिला अडवणारं कोण? अप्पा धुसफुसत मागोमाग गेले आणि गर्दीच्या मागं, गाडीला टेकून उभे राहिले.

पडद्यावर चारठाण्याचं देऊळ आलं आणि पायरीवर घराएवढे अप्पा. त्यांचे ओठ हलत होते आणि भोंग्यातून कुणाचा तरी तुपकट आवाज येत होता: "खेड्यातला हा साधाभोळा कलावंत. काळाच्या ओघात त्याची वाणी कायमची मूक झाली. आता तो फक्त आठवतो…"

"अप्पा, ह्यो आवाज कवापासून झाला तुमचा?" पुढून कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं.

"त्यो मी न्हाई!" अप्पा किंचाळले. "मी ह्ये बोललोच न्हाई! बंद करा त्येला!"

यंत्र चालवणारा बन्सीधर गाडीतून डोकावला. "म्हातारबा, गप बसा. सरकारी फिल्म हाय. मला आवाज बंद करायचा हुकूम न्हाई."

तेवढ्यात बायकांमधून बसम्मा उठली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई. पण गेलं वर्षभर अप्पांची कुरकूर ऐकून तिचेही कान किटले होते. ती सरळ गाडीपाशी आली आणि बन्सीधरला म्हणाली, "त्या भोंग्यातल्या बाबाला गप करा. ज्याचं तोंड हाय त्येला बोलू द्या."

गावातली जुनी माणसं उठली. "बंद करा! अप्पांना बोलू द्या!" बन्सीधरनं एकदा गर्दीकडं पाहिलं, एकदा बसम्माकडं पाहिलं आणि मुकाट्यानं आवाजाचा खटका दाबला.

अप्पा पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले. कर्णा घरी कणगीवर होता. त्यांनी तसाच घसा साफ केला, आणि पंचवीस वर्षांमागचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला.

"ऐका मंडळी! ह्यो म्हातारा काय म्हणायलाय? म्हणायलाय, सायेब, ह्ये घोंगडं कुणाचं हाय? लय वास मारायलाय!" मैदान खदखदलं. "सायेब म्हणतेत, वा, वा! काय दुःख हाय चेहऱ्यावर!" दिनकररावांचा मुंबईचा हेल अप्पांनी असा काढला, की साहेबांना न पाहिलेल्यांनाही ते दिसले. पडद्यावर घुंगरमाळ आली. "म्हातारा म्हणायलाय, ही माळ बैलाची हाय. मग बैलालाच बोलवा, अन् त्याचाच फोटू घ्या!" मग बैलही बोलला. त्याला वेळ नव्हता म्हणे. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

मग पडदाभर अप्पांचा एकट्याचा चेहरा आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडायलेत अप्पा!" कुणीतरी म्हणालं.

"रडत न्हाई! त्या डायवरनं पत्र्याचं ऊन डोळ्यात मारलंय."

लोक हसले. अप्पांनी पडद्याकडं मान वळवली, स्वतःचे हलणारे ओठ पाहिले आणि ते थबकले. इथं आपण काय बोललो होतो, ते त्यांना आठवलं. उन्हात, घोंगड्यात, कुणी ऐकत नाही अशा खात्रीनं बोललेलं ते होतं. गावापुढं सांगायचं ते नव्हतंच.

"काय म्हणलात पुढं?" लोक विचारू लागले. चित्र थांबत नव्हतं. ओठ हलतच होते. आणि सगळ्या आयुष्यात अप्पा एकदाही चित्राच्या मागं राहिले नव्हते.

"म्हणायलाय," अप्पा बोलले, आणि आता तो कुणाची नक्कल करणारा आवाज नव्हता, "म्हणायलाय, बसम्मा, तुला ऐकवावं म्हणून आलतो गं इथं. अन् ह्यांनी आवाजच आणला न्हाई."

मैदानातल्या माना बसम्माकडं वळल्या. चित्र संपलं तेव्हा लोकांनी ते पुन्हा लावायला लावलं आणि बन्सीधरनं न सांगता आवाज बंद ठेवला.

घरी जाताना बसम्मा चार पावलं पुढं चालत होती. अप्पा मागून तिच्या 'असंल'ची वाट बघत होते. दार आलं. तिनं कडी काढली, पण आत गेली नाही.

"उद्या सेलूहून एक नरसाळं आणा," ती म्हणाली. "त्यो कर्णा मी आता ज्वारीला वापरायची न्हाई."

"आणतो," अप्पा म्हणाले.

"अन् एवढं ग्वाड बोलता येत व्हतं," ती एकदम त्यांच्यावर उखडली, "तर घरात तीस वर्सं नुसती कुरकूर कशाला केली?"