नापास मसाला नाही, माझी पद्धत

दुपारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं की नव्या बिझनेस कोच मॅडमनी आमचा मसाला नापास केला. ते चूक आहे, दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मसाला त्यांना आवडला. नापास झाली माझी पद्धत.

आईने शिकवलं तसा मी प्रत्येक घरासाठी वेगळा मसाला कुटते. शेजारच्या काकूंना तिखट कमी, कोणाला धने जास्त. सुपेला बाजारातला दुकानदार एका चवीची पाकिटं मागतो, त्यासाठी वेळच उरत नाही.

आधीच्या कोचने मला आरशासमोर घोषणा म्हणायला लावल्या होत्या. या मॅडम आज रिसालीला आमच्या घरी आल्या, ओट्याजवळ बसून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "तू मसाला नाही, लोकांच्या फर्माइशी विकून राहिली. आता सगळ्यांसाठी एकच चव ठरव."

मी आईकडे पाहिलं.

आई म्हणाली, "माह्याकडे कावून पाहून राहिली? आपल्या घरची चव ठेव. शेजारच्या काकू रुसतीन, मंग जेवाले येतीनच."

कोच याच, हे माझं ठरलं. तुम्ही धंद्यात पहिला नकार कोणाला दिला? मी काकूंना देणार आहे, येत्या रविवारी, त्या मसाल्यासाठी डबा घेऊन आल्या की.