दिवाणखान्यातला माड

शेजारच्या भाभींच्या कुंडीतल्या शोभेच्या पामला मी मूठभर खडेमीठ घातलं. एकदा नाही, दोनदा. दुसरी मूठ जरा सढळच होती.

भाभींची मुलगी कुवेतला. तिच्या बाळंतपणासाठी त्या दोन महिने निघाल्या. सासूला त्यांनी राजिवड्याला दिराकडे पोचवलं आणि पाम आमच्याकडे आणला. तो त्यांना नवऱ्याने, जहाजावर परत जाण्याआधी, आणून दिलेला.

"भाऊ, हे वर्षातून एकदा येणार. बाकी घरात मी, सासू नि हा. ह्याला जपा."

"भाभी, माडांच्या बागेत वाढलोय मी," मी छाती फुगवून म्हणालो. हे खरंच आहे. फक्त त्या बागेत शहाळी पिण्यापलीकडे मी काही केलं नाही, एवढं सांगायचं राहिलं.

चौथ्या दिवशी चष्मा पुसून झाड तपासलं. पानांची टोकं तपकिरी! निदान तिथल्या तिथे झालं: अशक्तपणा. आमच्याकडे अशक्त माडाच्या आळ्यात मीठ घालतात, वर मासळीचं धुवण. आजोबा घालायचे, वडील घालायचे. आणि पाम म्हणजे तरी कोण? माडाचाच शहरात शिकलेला भाचा. बायको बाजारात गेल्याचं बघून मी मीठ घातलं, दुपारी बांगड्याचं पाणी.

आठवड्याभरात तपकिरी रंग अर्ध्या पानावर आला. मला वाटलं, मात्रा कमी पडली. म्हणून ती सढळ मूठ. मग पानं वाळून लोंबायला लागली, कुंडीवर चिलटं घोंघावू लागली आणि गल्लीतला बोका दिवाणखान्यात मुक्कामाला आला.

"अहो, हा कुंडी का हुंगतोय?" बायकोने विचारलं.

"असते एकेका जनावराला झाडांची आवड."

तिने वाकून बघितलं. मातीवर पांढरा थर. "म्हणून मिठाची बरणी अर्धी झाली होय! अहो, माडाला अख्खी जमीन असते, पावसात मीठ धुऊन जातं. ह्याला वीतभर कुंडी. ह्यातून मीठ जाणार कुठे?"

भाभींना काय तोंड दाखवू, म्हणत मी आधी बोक्याला बाहेर हाकललं. बायकोने झाड उपटलं, मुळं विहिरीच्या पाण्यात खळखळून धुतली, काळी लिबलिबीत झालेली कात्रीने उडवली. नव्या कुंडीसाठी लाल माती, कुजलेला पाला आणि थोडी वाळू हवी म्हणाली. मी पिशवी घेऊन समुद्राकडे निघालो. तिने दारातच अडवलं. "नदीची!"

झाड पडवीत सावलीला गेलं. माती वरून सुकली तरच पाणी, आणि तेही बायकोच्या हातून. मला फक्त बघायची परवानगी होती. व्हिडिओ कॉलवर भाभी "माझा पाम?" विचारायच्या, तेव्हा मी फोन त्यातल्या त्यात हिरव्या पानासमोर धरायचो आणि हात हलू द्यायचो नाही.

तिसऱ्या आठवड्यात मधोमध सुईसारखा कोंब दिसला. मी अशी हाक मारली की बायको विळी टाकून धावत आली. त्या सकाळी आम्ही दोघं पडवीत बसून चहा प्यायलो आणि त्या सुईकडे बघत राहिलो. नातू झाल्यावर भाभी हसल्या असतील, तितकाच मीही हसत होतो.

भाभी आल्या त्या खजुराचा डबा घेऊनच. पामसमोर उभ्या राहून त्यांनी पानं मोजली. "सात होती. तीनच?"

मी सगळं कबूल केलं. मीठ, बांगडे, बोका. शेवटी वकिली म्हणून जोडलं, "पण भाभी, टोकं आधीच तपकिरी होती!"

"ती तर पहिल्यापासून तशीच. खिडकीतून खाडीचा खारा वारा लागतो ना त्याला. आजारी कधी होता तो?"

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. भाभींनी कोंबाला हळूच बोट लावलं, "जगला बिचारा," म्हणाल्या, आणि कुंडी कडेवर घेतली. दारातून वळून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"भाऊ, सासूला तुमच्याकडे नाही ठेवलं ते बरं केलं. तिला तर बीपी आहे."